जात्यावरची ओवी आणि नवें यंत्र



गेल्या दिवाळींत पुण्याहून आलेल्या माझ्या सुनेनें आपला मोबाईल माझ्यापुढें धरला व ती म्हणाली, "नाना, हें ऐका." त्या लहानशा यंत्रांतून प्रथम दगडाची घरघर ऐकूं आली आणि मग एका म्हाताऱ्या स्त्रीचा आवाज. ती जात्यावरची ओवी गात होती. ओवी संपली तेव्हां पडद्यावर पाहिलें, तों तिचें नांव, गांव, तालुका, जिल्हा आणि ओवी ज्या दिवशीं टिपून घेतली तो दिवस, सर्व कांहीं लिहिलेलें होतें. मी बराच वेळ त्या नांवाकडे पाहत राहिलों. माझ्या आईनें आयुष्यांत हजारों ओव्या गाइल्या असतील. पण ती वारली तेव्हां तिचें नांव लिहिलेलें असें दोनच ठिकाणीं होतें, एक रेशनकार्डावर आणि दुसरें मतदारांच्या यादींत. गाणारी म्हणून तें कोठेंही नव्हतें.

आज मला जें सांगावयाचें आहे तें ह्या नांवासंबंधींच आहे. संगणक, इंटरनेट आणि मोबाईल ह्यांनीं कलेचें व समाजाचें काय केलें, ह्या विषयावर विद्वान् लोक पुष्कळ बोलतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून छत्तीस वर्षें शिकवून निवृत्त झालेला एक मॅट्रिक मास्तर आहें. धाराशिव जिल्ह्यांतील ओसरीवर बसून ह्या प्रश्नाचा जेवढा भाग दिसतो, तेवढ्याविषयींच मी बोलेन.

ओवी आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, असा त्यांत उल्लेख आहे. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. आमच्या उमरग्याहून तें कांहीं फार दूर नाहीं. म्हणजे १२९० सालीं ज्ञानेश्वरमहाराजांनीं ओवींत गीतेचा अर्थ सांगितला, त्याच्या सुमारें दीडशें वर्षें आधींच ओवी आमच्या आयाबहिणींच्या तोंडीं होती आणि एका राजाला ती आपल्या ग्रंथांत नोंदवावीशी वाटली होती. राजाचें नांव राहिलें. जिच्या तोंडून ती त्याच्या किंवा त्याच्या पंडितांच्या कानीं पडली, तिचें राहिलें नाहीं.

शहरांतील तरुण श्रोत्यांनीं जातें बहुधा लग्नांत हळदीच्या वेळींच पाहिलें असेल, म्हणून दोन शब्द सांगतों. वाटोळे दोन दगड, एकावर एक. वरच्या दगडाला लाकडी खुंटा आणि मध्यें तोंड. त्या तोंडांत मुठीमुठीनें धान्य घालावयाचें, त्याला वैरण म्हणत. आमच्या बालाघाटच्या डोंगरांत ज्वारीची भाकरी हेंच अन्न, आणि ज्वारीचें पीठ फार दिवस टिकत नाहीं. त्यामुळें दळण जवळजवळ रोजचें. कोंबडा आरवण्यापूर्वीं माझी आई आणि चुलती समोरासमोर बसत, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीनें ओळ उचलावी, दुसरीनें ती पुरी करावी. विषय म्हणाल तर पंढरीचा विठ्ठल, सीतेचा वनवास, तुळजापूरची आई, तेरचे गोरोबाकाका. पण ह्या सर्वांहून अधिक माहेर, भाऊ, लेक आणि सासुरवास. जें दिवसा बोलतां येत नसे तें पहाटे जात्यापाशीं बोलतां येई, कारण जातें घरघरत असे आणि पुरुष झोपलेले असत. खरें म्हणजे ते अर्धे जागे असत. आई गेल्यानंतर एकदां वडिलांनीं मला सांगितलें कीं, घरांतील कोणत्या सुनेला काय दुखतें-खुपतें हें आपल्याला पहाटेच कळे. मात्र आपण तें ऐकलें, असें त्यांनीं कधीं दाखविलें नाहीं.

हें गाणें कोणाला ऐकविण्यासाठीं नव्हतेंच, म्हणून गाणारीनें नांव सांगण्याचें कारणही नव्हतें. अभंगाच्या शेवटीं संत आपलें नांव गुंफीत. पोवाड्याच्या शेवटीं शाहीर आपलें, आपल्या गुरूचें, प्रसंगीं गांवाचेंही नांव घेई. ओवीला तशी जागाच नाहीं. तेरच्या गोरोबाकाकांचें नांव त्यांच्या अभंगांनीं सातशें वर्षें चालविलें. त्यांच्या घरीं पहाटे दळण होत असेल, त्यावर कोण काय गात असेल, तें कोणीं लिहून ठेवावें?

मग यंत्र आलें. संगणक नव्हे, पिठाची गिरणी. आमच्या गांवीं ती आली तेव्हां मी नऊ-दहा वर्षांचा असेन. पत्र्याच्या खोलींत ऑईल इंजिन, त्याची फुकफुक शिवारभर ऐकूं येई, आणि डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन रांगेंत उभें राहणें हें मुलांचें नवें काम झालें. तरी कांहीं वर्षें घरचें जातेंही चालू होतें. गिरणीला पैसे पडत. १९७२ च्या दुष्काळानें त्याचा निकाल लावला. शेतांत ज्वारी नव्हती. रेशनवर परदेशची तांबडी मिलो मिळे, आणि बायका उजाडतांच दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. दिवसभर दगड फोडून आलेल्या बाईनें पहाटे उठून पुन्हां दगडच ओढावा, हें कसें शक्य होतें?

जातें बंद पडलें म्हणून हळहळणारे लेख मीं पुष्कळ वाचले आहेत. ते बहुतेक पुरुषांनीं लिहिलेले आहेत. माझ्या आईच्या दोन्ही तळव्यांना घट्टे होते. गिरणी आली तेव्हां ती रडली नाहीं. पायलीला काय घेतात, एवढेंच तिनें विचारलें. परंतु जात्याबरोबर गाणेंही थांबलें, हें तितकेंच खरें. आईला मी पुढें कितीदां तरी म्हटलें, "एखादी ओवी म्हण ना." ती दोन शब्द म्हणे आणि थांबे. ओवी तिच्या डोक्यांत नव्हती, हातांत होती. खुंटा फिरल्यावांचून पुढची ओळ येत नसे.

येथें एक आठवण सांगितल्याशिवाय मला पुढें जाववत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चाराला चार मिनिटें असतांना आमच्या जिल्ह्यांतील सास्तूर आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील किल्लारी ह्या परिसरांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच झोंपले होते. हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. आम्ही कांहीं शिक्षक मदतीसाठीं तिकडे गेलों होतों. ढिगाऱ्यांतून भांडीं चेपलेलीं निघत, पेट्या फुटलेल्या निघत. जातें मात्र जसेंच्या तसें निघे. तीं जातीं कोणी उचलीत नव्हतें. पुढें नव्या वसाहती झाल्या, सिमेंटचीं घरें झालीं, आणि त्या घरांतून जात्यासाठीं कोपरा ठेवण्याचें कोणालाच कारण उरलें नाहीं.

ओव्या लिहून घेण्याचा उद्योग मात्र त्यापूर्वींच सुरू झालेला होता. साने गुरुजींनीं आपल्या 'स्त्री जीवन' ह्या संग्रहांत हजारों ओव्या एकत्र केल्या, पुढें डॉ. सरोजिनी बाबर ह्यांनीं महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारें हें काम मोठ्या प्रमाणावर चालविलें. ह्या मंडळींचे आपल्यावर उपकार आहेत. तरी अशा छापील पुस्तकांत ओव्या विषयवार लावलेल्या असत: भाऊ, माहेर, पंढरी. कोणती ओवी कोणत्या गांवच्या कोणत्या बाईची, हें बहुधा सांपडत नसे. कागद महाग असतो आणि पुस्तकाला पानें मोजकीं असतात, हें एक कारण. आणि लोकगीत हें सर्वांचें, म्हणून एकाचें नव्हे, अशी समजूत, हें दुसरें.

आवाज धरणाऱ्या यंत्राला मात्र नांवावांचून चालेना. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान बाईंचें गाणें तबकडीवर उतरविलें गेलें. ह्या तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापल्या जात, आणि तेथल्या कारागिरांना कागदावर कोणाचें नांव घालावें हें कळावें म्हणून गाणें संपतांच बाई इंग्रजींत आपलें नांव सांगत. त्या जुन्या तबकड्यांवर तें आजही ऐकूं येतें. यंत्राच्या सोयीसाठीं घेतलेलें नांव. पण तें राहिलें. आमच्याकडे तबकडी श्रीमंतांच्या दिवाणखान्यापलीकडे फारशी गेली नाहीं. खेड्यापाड्यांत आली ती कॅसेट, १९८० नंतर. तुळजापूरला मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंकवाच्या व परडीच्या दुकानांशेजारीं कॅसेटांचीं दुकानें उभीं राहिलीं आणि दिवसभर देवीचीं गाणीं वाजूं लागलीं. त्यांतील कित्येक चाली मीं आराधी बायकांच्या मेळ्यांत लहानपणीं ऐकलेल्या होत्या. वेष्टनावर कंपनीचें नांव, गायकाचें नांव, संगीतकाराचें नांव. आणि ज्यांच्याकडून चाल आली त्यांच्या जागीं एकच शब्द: 'पारंपरिक'. हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्याचा व्यवहारांतला अर्थ 'कोणाचेंही नव्हे' असा होतो.

आतां सुनेनें दाखविलेल्या त्या संग्रहाकडे वळतों. फ्रान्समध्यें जन्मलेले आणि पुढें भारताचे नागरिक झालेले गी पॉइटव्हाँ व पुण्याच्या हेमा राईरकर ह्या दोघांनीं गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून, गांवोगांवच्या कार्यकर्त्या स्त्रियांना बरोबर घेऊन, जात्यावरच्या ओव्या जमविल्या. हजाराहून अधिक गांवें आणि एक लाखाहून अधिक ओव्या! पुढच्या दशकांत संगीत व संगणक ह्या दोन्हींचे जाणकार बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. आवाजाचें मुद्रण झालें आणि सर्व नोंदी संगणकावर चढविल्या गेल्या. पॉइटव्हाँ २००४ मध्यें व हेमाताई २०१० मध्यें वारल्या, पण काम थांबलें नाहीं. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ह्या संस्थेनें तो संग्रह इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

एक लाख ओव्या छापावयाच्या तर कपाटभर ग्रंथ झाले असते, आणि ते कोणीं विकत घेतले असते? संगणकाला जागेची ती अडचण नाहीं. तेथें प्रत्येक ओवी हा एक आडवा रकाना. त्यांत तिचा क्रमांक, शब्द, विषय, गाणारीचें नांव, गांव, तालुका. कागदावर जें नांव परवडत नव्हतें तें येथें फुकट बसतें. माझ्या मतें ह्या नव्या यंत्रानें ओवीचें जें सर्वांत मोठें काम केलें तें हेंच. आवाज तर कॅसेटनेंही धरला असता.

हें सहज झालें असें मात्र समजूं नये. मराठी अक्षर संगणकावर रुळण्याची कथा आम्हां मास्तरांनीं स्वतः भोगली आहे. एका छापखान्यांत एका फॉन्टमध्यें जुळविलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली म्हणजे 'शिवाजी' च्या जागीं टिंबें, कंस आणि रोमन अक्षरें दिसत. कारण प्रत्येक कंपनीचा 'क' निराळा होता. १९९१ मध्यें युनिकोड नांवाच्या व्यवस्थेची पहिली आवृत्ति निघाली व तींत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच असा क्रमांक मिळाला. पण आमच्या कचेऱ्यांपर्यंत आणि शाळांपर्यंत तें पोंचण्यास आणखी पंधरा-वीस वर्षें गेलीं. आज 'तुळजापूर' असें लिहून शोध घेतला तर तुळजापूरचा उल्लेख असलेलें लिखाण क्षणांत पुढें येतें, तें ह्या क्रमांकांमुळें. एक गंमत अशी कीं, आमच्या जिल्ह्याचें नांव २०२३ मध्यें शासनानें धाराशिव असें केलें. त्यापूर्वींच्या नोंदी उस्मानाबाद ह्या नांवानें आहेत. नातवंडांना मी सांगतों, दोन्ही नांवांनीं शोधा. यंत्राला इतिहास ठाऊक नसतो, तो शोधणाऱ्यालाच ठाऊक असावा लागतो.

इतकें ऐकून मी नव्या यंत्राचा भाट झालों असें कोणास वाटेल. तेव्हां दुसरी बाजूही सांगतों.

माझ्या परिचयाचे एक गोंधळी आहेत. आमच्याच तालुक्यांतले, वय माझ्याएवढें. घरांत आठ-दहा पिढ्यांचा संबळ. लग्नानंतर गोंधळ घालावयाचा म्हणजे चौक भरावयाचा, दिवटी पेटवावयाची, गांवोगांवच्या देवदेवतांना नांवें घेऊन बोलवावयाचें आणि मग रात्रभर आख्यान चालावयाचें. तीन-चार वर्षांपूर्वीं एका लग्नांत कोणी पाहुण्यानें त्यांचें गाणें मोबाईलवर घेतलें. त्यांतला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून इंटरनेटवर टाकला गेला आणि लाखों लोकांनीं तो पाहिला. गोंधळ्यांना हें सहा महिन्यांनीं कळलें, तेंही शेजारच्या मुलाकडून. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, गाणं माझं, तोंड माझं, अन् खाली नाव दुसऱ्याचंच." मीं चष्मा लावून पाहिलें. तसेंच होतें.

कायदा त्यांच्या बाजूला आहे. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंताला आपल्या प्रयोगावर हक्क मिळाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें हा प्रयोग माझा आहे असें आपल्या नांवानिशीं सांगून घेण्याचाही हक्क मिळाला. मी त्यांना हें समजावून सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकलें व विचारलें, "मग कुणाकडं जायचं?" ह्याचें उत्तर मला देतां आलें नाहीं. तो तुकडा तोंवर शंभर ठिकाणीं पसरला होता. जें यंत्र एका म्हातारीचें नांव तारखेसकट जपून ठेवतें, तेंच यंत्र एका जिवंत माणसाचें नांव दिवसाढवळ्या पुसून टाकतें. दोष यंत्राचा म्हणावा तर तेंच यंत्र दोन्हीकडे आहे. राईरकरबाईंच्या कामांत नांव विचारणारें माणूस होतें. लग्नाच्या मांडवांत तें नव्हतें.

ह्याच गोंधळ्यांची आणखी एक गोष्ट. २०२० मध्यें साथीमुळें देवालयें बंद झालीं. तुळजाभवानीचें शारदीय नवरात्र त्या वर्षीं भाविकांवांचून झालें. लोकांनीं घरोघर पडद्यावर दर्शन घेतलें. लग्नें गेलीं, तसे गोंधळही गेले आणि गोंधळ्यांच्या घरीं चूल कशी पेटावी हा प्रश्न आला. तेव्हां पुण्याच्या एका कुटुंबानें त्यांना विचारलें कीं, मोबाईलसमोर बसून आमच्या घरचा गोंधळ घालाल काय? त्यांनीं आपल्याच पडवींत चौक भरला, दिवटी लावली, समोर खुर्चीवर मोबाईल उभा केला आणि गोंधळ घातला. दक्षिणाही मोबाईलवरूनच आली. त्या दक्षिणेनें महिना निघाला, हें ते कृतज्ञतेनें सांगतात. पण एकदां मला हळूच म्हणाले, "गुरुजी, देवीला हाक तर मारली. ती कुणाच्या घरी आली असंल, माझ्या का त्यांच्या?" मी हंसलों, पण ते हंसले नाहींत.

निवृत्तीनंतर मला वेळ आहे. गेल्या दीड वर्षांत मी आसपासच्या गांवांतून हिंडून, ज्यांना ओव्या येतात अशा म्हाताऱ्या बायकांचा शोध घेतला. सत्तर-पंचाहत्तरच्या खालीं ओवी जवळजवळ मिळत नाहीं. आतांपर्यंत तेवीस जणी भेटल्या. मोबाईल पाहून बहुतेक आधीं लाजतात, "आता कुठलं आठवतं बाबा" म्हणतात. मग मी युक्ति करतों. त्या घरीं किंवा शेजारीं अडगळींतलें जातें शोधून काढतों, तें धुऊन मांडतों आणि मूठभर ज्वारी मागतों. खुंट्याला हात लागला कीं पहिल्या पांच-सात फेऱ्यांतच ओवी येते. एक आजी तर चाळीस मिनिटें थांबल्या नाहींत, शेवटीं त्यांची नात म्हणाली, "आजे, पीठ सांडायलंय."

प्रत्येकीचें नांव, गांव आणि तारीख मी वहींत लिहितों आणि सून तें संगणकावर उतरविते. दोघींनीं नांव देण्यास नकार दिला. एकीनें सांगितलें, "सुनेबद्दल गायलंय, नाव नको." तें मीं मान्य केलें, त्या ओव्यांपुढें मी 'नांव दिलें नाहीं' असें लिहितों, 'पारंपरिक' असें लिहीत नाहीं. दुसरीनें सासरचें नांव लावूं दिलें नाहीं, माहेरचेंच लावा म्हणाली.

तेर रस्त्यावरच्या एका गांवीं एक ब्याऐंशी वर्षांच्या आजी भेटल्या. गाऊन झाल्यावर मीं नांव विचारलें, तें त्यांनीं सांगितलें आणि मी लिहीत असतां म्हणाल्या, "माझं एकटीचं लिहू नका. या माझ्या आईच्या ओव्या हायत. तिचं लिहा." माझ्या वहींत त्यासाठीं रकाना नव्हता. घरीं येऊन मीं पट्टी घेतली आणि पहिल्या पानापासून एक उभी रेघ वाढविली: 'कोणाकडून शिकली'. मग ज्यांच्याकडे जाऊन आलों होतों त्यांच्याकडे पुन्हां एकदां गेलों. त्या रकान्यांत आतांपर्यंत चौदा नांवें आलीं आहेत. दहा आयांचीं, तीन आज्यांचीं, आणि एक सासूचें. माझ्या आईच्या चारच ओव्या मला आठवतात. त्या मीं पहिल्या पानावर लिहिल्या असून तिच्या नांवापुढचा तो रकाना मात्र कोरा आहे. तिनें त्या कोणाकडून घेतल्या, हें मीं तिला कधीं विचारलेंच नाहीं.